पाटी कुणाच्या हातात? हास्केलमध्ये फंक्शनचे निकाल जपून ठेवण्याची रीत

सोळा मात्रांचे तीनतालाचे एक आवर्तन घ्या. ते एका मात्रेच्या आणि दोन मात्रांच्या तुकड्यांनी किती तऱ्हांनी भरता येईल? शेवटचा तुकडा एका मात्रेचा असेल तर आधीच्या पंधरा भरायच्या राहतात, दोन मात्रांचा असेल तर चौदा. म्हणून सोळाचे उत्तर म्हणजे पंधराचे आणि चौदाचे मिळून. उत्तर येते १५९७. बडोद्यात, जिथे मौला बक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, तिथे हे उदाहरण परके वाटू नये. लघु-गुरूंच्या हिशेबातला हाच नियम हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात इथून वर पाटणला सांगून ठेवला आहे, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने.

हाताने गणित करणारा माणूस पाटीवर १, २, ३, ५, ८ असे लिहीत जातो आणि मागचे दोन आकडे बघून पुढचा मांडतो. चौदाचे उत्तर तो दोनदा काढत बसत नाही. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र पाटी आपण द्यावी लागते. निकाल असे टिपून ठेवण्याला मेमोआयझेशन म्हणतात. ‘मेमो फंक्शन’ हे नाव डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये दिले. तंत्र दहा ओळींचे आहे. चुका होतात त्या एकाच प्रश्नावर: पाटी कुठे ठेवली आहे आणि ती कधी पुसली जाते?

कोडचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून सगळे देवनागरीत दिले आहेत, आकडे आणि की-वर्डही. फाइलमध्ये टंकताना ते रोमनमध्ये घ्या. चिन्हे आणि रचना तशीच ठेवा.

आधी पाटीशिवाय

```
प्रस्तार :: इंट -> इंटीजर
प्रस्तार न
  | न < २     = १
  | अदरवाइज  = प्रस्तार (न-१) + प्रस्तार (न-२)
```

हे बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. उत्तर जेवढे मोठे, त्याच्या दुपटीत एक कमी इतके कॉल होतात. सोळा मात्रांना ३१९३ कॉल, ते जाणवतही नाहीत. चाळीस मात्रांचे उत्तर १६,५५,८०,१४१ आहे, म्हणजे कॉल ३३,११,६०,२८१. वेगवेगळे प्रश्न पाहिले तर शून्यापासून चाळीसपर्यंत, फक्त ४१.

टाइप ‘इंटीजर’ का? चौसष्ट बिटांचा ‘इंट’ ९१ मात्रांपर्यंत पुरतो. ९२ ला तो ओसंडतो आणि गुपचूप उणे आकडा देतो, एरर येत नाही. मेमो लावल्यावर इतक्या पुढे आपण सहज पोचतो, त्यामुळे ही चूक मेमो लावल्यानंतरच दिसते आणि दोष मेमोवर जातो.

मोजमाप आधी लावा, मेमो नंतर

घड्याळ लावून ‘वेगवान वाटतंय’ म्हणण्यात अर्थ नाही. डीबग.ट्रेस मॉड्यूल आयात करा आणि फंक्शनच्या अंगात, निकालाच्या आधी, एक ट्रेस ठेवा (पुढच्या पाटीच्या तुकड्यांत तो ‘घर’ या फंक्शनमध्ये); प्रत्येक हिशेबाला तो एक ओळ छापेल. मजकूर एरर-प्रवाहात जातो, तेव्हा ओळी मोजायच्या तर तो प्रवाह फाइलमध्ये वळवा. मग जीएचसीआयमध्ये, म्हणजे हास्केलच्या संवादी प्रॉम्प्टवर, ‘प्रस्तार १६’ लागोपाठ दोनदा मागा आणि दोन्ही वेळच्या ओळी मोजा.

३१९३ आणि पुन्हा ३१९३ आल्या, तर पाटी नाहीच. किंवा आहे, पण कोणी बघत नाही. १७ आणि पुन्हा १७ आल्या, तर पाटी आहे पण एका कॉलपुरती, काम झाले की पुसली जाते. १७ आणि मग शून्य, तर पाटी भिंतीवर टांगली आहे. मधला निकाल चुकीचा नाही. कित्येकदा तोच हवा असतो. फक्त आपल्याला कोणता हवा होता आणि कोणता मिळाला, हे माहीत पाहिजे.

एका कॉलपुरती पाटी

```
प्रस्तार :: इंट -> इंटीजर
प्रस्तार न = पाटी ! न
  व्हेअर
    पाटी = लिस्टअ‍ॅरे (०, न) [घर क | क <- [०..न]]
    घर क
      | क < २     = १
      | अदरवाइज  = पाटी ! (क-१) + पाटी ! (क-२)
```

इथे डेटा.अ‍ॅरे मॉड्यूल लागते. पाटी स्वतःच्याच घरांमधून भरते आहे, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खटकते. हास्केल आळशी आहे म्हणून ते चालते: प्रत्येक घरात आधी आकड्याऐवजी ‘हा हिशेब करायचा आहे’ अशी चिठ्ठी असते. कोणी ते घर मागितले की चिठ्ठी उघडते, हिशेब होतो, आणि चिठ्ठीच्या जागी आकडा बसतो. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला आकडाच मिळतो. तपासायचे, नसेल तर काढायचे, मग लिहायचे, ही सगळी यातायात भाषाच करते.

या तुकड्यात तीन ठिकाणी हात घसरतो.

पहिले: ‘घर’च्या शेवटच्या ओळीत सवयीने ‘पाटी ! (क-१)’ च्या जागी ‘प्रस्तार (क-१)’ लिहिले जाते. कंपायलर काही बोलत नाही आणि उत्तरही बरोबर येते, पण आतला प्रत्येक कॉल स्वतःची नवी पाटी घेऊन बसतो. आधी नुसते कॉल होते, आता प्रत्येक कॉलमागे एक अ‍ॅरे. म्हणजे आधीपेक्षा हळू. पुनरावृत्ती, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा विचारणे, पाटीतूनच गेली पाहिजे.

दुसरे: वेग हवा म्हणून कोणी अनबॉक्स्ड अ‍ॅरे घेतो, म्हणजे ज्याच्या घरात चिठ्ठी बसत नाही, थेट आकडाच लागतो. ती पाटी तयार करतानाच सगळी घरे भरावी लागतात, आणि घरे भरायला तयार पाटी लागते. प्रोग्राम एकतर अडकून पडतो, नाहीतर रनटाइम ‘लूप’ असे म्हणून थांबतो. इथे साधा, बॉक्स्ड अ‍ॅरेच हवा.

तिसरे: सीमा. (०, न) मध्ये न+१ घरे असतात. (१, न) लिहिले की शून्याचे घर गायब, आणि दोन मात्रांच्या प्रश्नालाच इंडेक्सची एरर.

भिंतीवरची पाटी, आणि ती का पडते

एकच फंक्शन प्रोग्रामभर शेकडो वेळा लागणार असेल तर पाटी कॉलच्या बाहेर, फाइलच्या वरच्या पातळीवर ठेवा:

```
पाटी :: [इंटीजर]
पाटी = मॅप घर [०..]

प्रस्तार :: इंट -> इंटीजर
प्रस्तार न = पाटी !! न
```

‘घर’ आता ‘प्रस्तार’लाच विचारते. ते चालते, कारण ‘प्रस्तार’ त्या एकाच पाटीकडे बोट दाखवते. यादी अनंत आहे, सीमा सांगावी लागत नाही. पण यादीत न-वे घर गाठायला न पावले चालावे लागते. १०,००० मात्रांचा पहिला हिशेब करताना ही पायपीट सुमारे दहा कोटी पावलांची होते. हजारापर्यंत यादी चालेल. त्यापुढे वरच्या पातळीवर ठरावीक सीमेचा अ‍ॅरे ठेवा आणि सीमेबाहेरचा प्रश्न आला तर काय करायचे ते फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहा.

आता नेहमीचा घोटाळा. दोन ओळी वाचवायला पाटी फंक्शनच्या आत ओढली जाते:

```
प्रस्तार न = मॅप घर [०..] !! न
```

यात पाटीला नाव नाही, आणि ती ‘न’ मिळाल्यानंतर तयार होते. जीएचसीआयमध्ये ऑप्टिमायझेशन नसते, तिथे प्रत्येक कॉलला नवी यादी होऊन ३१९३ ओळी दिसतील. तोच कोड मोठ्या ‘ओ’चा फ्लॅग देऊन कंपाइल केला की कंपायलर बहुतेकदा ती यादी स्वतःहून बाहेर काढतो आणि सगळे झटपट चालते. ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे चालत नाही’ या भांडणाचे मूळ बरेचदा हे असते. कंपायलरच्या मेहेरबानीवर राहू नका. पाटीला नाव द्या आणि ‘न’च्या बाहेर ठेवा.

दुसरा घोटाळा अधिक लपलेला आहे. कोणी उदार मनाने टाइप असा देतो: कुठलाही ‘नम’ (संख्यांचा) प्रकार चालेल. मग कंपायलरच्या आतल्या हिशेबात पाटी ही किंमत राहत नाही, ‘कोणता प्रकार’ हे विचारणारे फंक्शन होते. फंक्शनचा निकाल कोणी आपोआप जपत नाही, त्यामुळे पाटी दर वेळी नवी. टाइप अजिबात लिहिला नाही तर जीएचसीआयच्या प्रॉम्प्टवर नेमके हेच होऊ शकते, कारण मोनोमॉर्फिझमचे बंधन (टाइप न लिहिलेल्या नावाला एकच ठोस टाइप देणारा नियम) तिथे डीफॉल्टने बंद असते. म्हणून मेमोच्या पाटीला नेहमी ठोस टाइप लिहावा, ‘[इंटीजर]’ असा. ही एक ओळ तासाभराचा शोध वाचवते.

दोन आर्ग्युमेंट असतील तर

सेव-उसळीचे बिल शंभर रुपये झाले आणि खिशात नुसती चिल्लर आहे: १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी, प्रत्येक हवी तितकी. शंभर किती तऱ्हांनी देता येतील? (आजीच्या डब्यातली जुन्या बडोदा संस्थानाची बाबाशाही नाणी धरायची नाहीत.)

इथे प्रश्नाला दोन अंगे आहेत: रक्कम किती उरली, आणि कितव्या नाण्यापर्यंत वापरायची परवानगी आहे. दुसरे अंग विसरलात तर ‘दोन आणि मग एक’ व ‘एक आणि मग दोन’ हे वेगळे धरले जातात आणि उत्तर भलतेच फुगते. ताल भरताना क्रम महत्त्वाचा होता, चिल्लर देताना नाही. पाटीची किल्ली काय, म्हणजे घर कशावरून शोधायचे, हे असे प्रश्नावरून ठरते.

```
घर (र, १) = १
घर (र, क)
  | नाणे क > र = पाटी ! (र, क-१)
  | अदरवाइज  = पाटी ! (र, क-१)
              + पाटी ! (र - नाणे क, क)
```

‘नाणे १’ म्हणजे एक रुपया, ‘नाणे ५’ म्हणजे वीस. पाटीच्या सीमा (०, १) पासून (१००, ५) पर्यंत, म्हणजे १०१ गुणिले ५, एकूण ५०५ घरे. ‘नाणे क > र’ ही अट आधीच हवी. ती नसेल तर वजाबाकी शून्याखाली जाते आणि अ‍ॅरे इंडेक्सची तक्रार करतो.

उत्तरे पडताळायला: ५ रुपयांना ४ तऱ्हा, १० ला ११, २० ला ४१ आणि १०० ला ४१११. पाचच्या चार तऱ्हा बोटांवर मोजून बघा. वीसला ४० आले तर सर्वांत मोठे नाणे, म्हणजे वीस रुपयांचेच, सुटले आहे.

जागेचा अंदाजही याच गुणाकारातून येतो. बॉक्स्ड अ‍ॅरेच्या प्रत्येक घराला नुसत्या पॉइंटरचे ८ बाइट. ५०५ घरे म्हणजे चार केबी, किरकोळ. पण दोन्ही अंगे दहा-दहा हजारांची असतील तर दहा कोटी घरे आणि पॉइंटरांचेच ८०० एमबी. चिठ्ठ्या आणि आकडे वेगळे. अशा वेळी प्रत्यक्षात सगळी घरे लागतात का ते बघा. मोजकीच लागत असतील तर अ‍ॅरे सोडून मॅप वापरा, म्हणजे किल्ली आणि उत्तर यांच्या जोड्यांचा संग्रह (वरच्या कोडमधले ‘मॅप’ हे फंक्शन वेगळे).

मॅप वापरताना

डेटा.मॅपमधला मॅप बदलत नाही. भर घातली की नवा मॅप हातात येतो. म्हणून प्रत्येक हिशेब ‘उत्तर आणि नवा मॅप’ अशी जोडी परत करतो, किंवा स्टेट मोनाड ती ने-आण करतो. क्रम असा: मॅपमध्ये किल्ली बघा, असेल तर तेच परत करा, नसेल तर लहान प्रश्न सोडवा, त्यानंतर जो मॅप हातात आला त्यात उत्तर लिहा, मग परत करा.

‘त्यानंतर जो मॅप हातात आला त्यात’ या शब्दांवरच गाडी घसरते. जोडी हाताने वागवणारा माणूस सुरुवातीचा मॅप म१ या नावाने धरतो, दोन लहान प्रश्न सोडवतो, म२ आणि म३ मिळतात, आणि शेवटी भर घालतो म१ मध्ये. उत्तर बरोबर, पण खालच्यांनी लिहिलेले सगळे पुसले गेले. ट्रेसच्या ओळी लगेच चुगली करतात. स्टेट मोनाडमध्ये हीच चूक ‘आधी गेट, शेवटी पुट’ लिहिल्याने होते; ‘मॉडिफाय’ वापरलात तर ती करताच येत नाही. मॅप डेटा.मॅप.स्ट्रिक्टमधून घ्या, नाहीतर आकड्यांऐवजी न उघडलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग साचतो.

किल्ली म्हणून अपूर्णांकी ‘डबल’ टाळा. ०.१ अधिक ०.२ ही किल्ली ०.३ शी जुळत नाही, आणि ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ असे सांगणारी किंमत) तर स्वतःशीही जुळत नाही, त्यामुळे तो मॅपमध्ये शिरतो पण सापडत नाही. पैशांचा हिशेब पैशांतच, पूर्णांकात ठेवा.

हे सगळे स्वतः करायचे नसेल तर मेमोट्राय हे पॅकेज आहे. त्यातले मेमो, मेमो२, मेमो३ एक ते तीन आर्ग्युमेंटच्या फंक्शनला पाटी जोडून देतात. पुनरावृत्तीसाठी मात्र मेमोफिक्सच घ्यावे, कारण तयार फंक्शनला बाहेरून मेमो चिकटवला तर आतले कॉल जुन्या फंक्शनलाच जातात.

ओकॅमल आणि क्लोजर वापरणाऱ्यांसाठी

ओकॅमल आणि क्लोजर याही फंक्शनल भाषाच. ओकॅमल आळशी नाही, तिथे पाटी म्हणजे हॅशटेबल, आणि ती आपणच भरायची. मेमो करणारे फंक्शन लिहिताना टेबल कुठल्या बाजूला पडते ते बघा:

```
लेट मेमो फ =
  लेट पाटी = हॅशटेबल.क्रिएट ६४ इन
  फन क्ष -> ...
```

टेबल ‘फन क्ष’च्या आधी तयार होते, म्हणून ते एकदाच होते. हेच ‘लेट मेमो फ क्ष = लेट पाटी = ...’ असे लिहिले की प्रत्येक कॉलला कोरी पाटी. दिसायला फरक एका शब्दाच्या जागेचा. पुनरावृत्ती पाटीतून जावी यासाठी मूळ फंक्शनला ‘स्वतः’ नावाचे जादा आर्ग्युमेंट द्या, आतले कॉल ‘स्वतः’ला करा, आणि मेमो केलेले रूप तिथे सोडा.

भर घालताना ‘अ‍ॅड’ऐवजी ‘रिप्लेस’ बरे. ‘अ‍ॅड’ जुनी नोंद काढत नाही, तिच्यावर नवी ठेवतो. आणि लांब याद्या किल्ली करू नका: नेहमीचे हॅश फंक्शन रचनेतल्या पहिल्या दहा अर्थपूर्ण किमतींपर्यंतच बघते, त्यामुळे सुरुवात सारखी असलेल्या हजार याद्या एकाच खणात कोंबल्या जातात.

क्लोजरमध्ये ‘मेमोआइज’ तयारच मिळते. ‘डेफ’ने बांधलेल्या नावातून आतले कॉल झाले तर ते मेमोतून जातात. पण ‘एफएन’लाच आत नाव देऊन त्या नावाने कॉल केला, तर ते नाव कोऱ्या फंक्शनचे असते आणि मेमो बाजूलाच राहतो. पहिल्याच फटक्यात दहा हजार मागितले तर स्टॅक संपू शकतो. खालून पाचशे-पाचशेच्या टप्प्याने चढा, प्रत्येक टप्पा मागच्या पाटीवर उभा राहतो. ही पाटी स्वतःहून कधीच रिकामी होत नाही. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर कोअर.मेमोआइज ही लायब्ररी घ्या, त्यात जुने निकाल काढून टाकण्याचे एलआरयू (सर्वांत जास्त काळ न वापरलेला आधी) आणि टीटीएल (ठरावीक मुदत संपलेला) हे पर्याय आहेत. शिवाय दोन थ्रेडनी एकाच वेळी तोच प्रश्न विचारला तर हिशेब दोनदा होऊ शकतो. शुद्ध फंक्शनला त्याने बिघडत नाही, आतून ईमेल पाठवणाऱ्याला बिघडते.

कुठे लावू नये

आजचा सोन्याचा भाव, घड्याळ, डेटाबेसमधली शिल्लक, रँडम आकडा: यांना मेमो लावला की सकाळचे उत्तर संध्याकाळीही मिळत राहते. हास्केलमध्ये आयओचा, म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यवहार करणाऱ्या कामाचा, टाइप इथे थोडा आडवा येतो, ओकॅमल आणि क्लोजरमध्ये कोणी अडवत नाही.

तीच आर्ग्युमेंट पुन्हा येतच नसतील तर पाटी नुसती जागा खाते. याद्यांचे क्रम लावणाऱ्या फंक्शनला मेमो लावून काही मिळत नाही. बेरजेइतके स्वस्त काम असेल तर किल्ली शोधणेच महाग पडते.

आणि खुद्द तालाच्या प्रश्नाला तरी पाटी हवी का? मागचे दोनच आकडे लागतात. ते दोन हातात धरून न वेळा पुढे सरकले की झाले. एकच उत्तर हवे असेल तर ते साधे फोल्ड पाटीपेक्षा सरस आहे. फोल्डमध्ये जोडीचे दोन्ही आकडे बँग चिन्हाने पक्के करा, कारण काटेकोर फोल्डही फक्त जोडीपर्यंतच थांबतो, आतल्या चिठ्ठ्या तशाच राहतात. चिल्लरीच्या प्रश्नाला मात्र ५०५ घरांची पाटीच सोयीची.

शेवटी स्मृती तपासायची असेल तर जीएचसीआयमध्ये ‘कोलन सेट, अधिक एस’ द्या, प्रत्येक उत्तराखाली वेळ आणि बाइट दिसतात. कंपाइल केलेल्या प्रोग्रामला ‘आरटीएसऑप्ट्स’ फ्लॅग देऊन बांधा आणि चालवताना आरटीएसचा (रनटाइमचा) लहान एस पर्याय लावा. त्यातला कमाल वापराचा आकडा, प्रोग्राम जास्त वेळ चालला की वाढतच गेला, तर भिंतीवर टांगलेली एखादी पाटी अजून लिहिली जाते आहे. वरच्या पातळीवरच्या अनंत याद्या आधी बघा.